ज्याला उत्तर ठाऊक नाही असा वाचक

आपल्याकडे मूल चौथी-पाचवीत प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहू लागते, तेव्हापासून एम. ए.ची शेवटची उत्तरपत्रिका देईपर्यंत त्याने लिहिलेले जवळजवळ प्रत्येक वाक्य एकाच प्रकारचा वाचक वाचतो. या वाचकाला उत्तर आधीच ठाऊक असते. त्याला त्या लेखनातून माहिती मिळवायची नसते, एखादे मत पटवून घ्यायचे नसते, चार घटका बऱ्या घालवायच्याही नसतात. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्यालाही ठाऊक आहे की नाही, एवढेच त्याला ताडून पाहायचे असते. आणि तेही शेजारी अजून गठ्ठे पडलेले असताना. अशा वाचकासाठी तेरा-चौदा वर्षे लिहीत राहिल्यावर लिहिणाऱ्याच्या भाषेचे काय होते?

काय होते ते साहित्याच्या कोणत्याही अध्यापकाला ओळखीचे आहे. ‘प्रस्तुत कवितेतून कवीने मानवी जीवनाची व्यथा प्रभावीपणे मांडली आहे’ हे वाक्य कोणत्याही कवितेखाली चालते. ‘असे म्हणता येईल’, ‘असे दिसून येते’, ‘असे अभ्यासकांचे मत आहे’ या प्रयोगांत म्हणणारा, पाहणारा आणि मत देणारा कोण, हे कधीच कळत नाही. विद्यार्थी आळशी असतात म्हणून ही भाषा तयार होते असे मला वाटत नाही. ती त्या वाचकाला दिलेली अगदी शहाणी प्रतिक्रिया आहे. ज्याला सर्व ठाऊक आहे त्याला आपण काही सांगत नसतो; आपण त्याच्यापुढे हजेरी लावत असतो.

मी स्वतः याच शाळेत तयार झाले. सोलापूर जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेतून पुण्याला आणि तिथून इंग्रजी साहित्यात एम. ए. करून २००६ साली अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकायला गेले. तिथे पहिल्याच सत्रात दुसऱ्या प्रकारचा वाचक भेटला. तो प्राध्यापक नव्हता. तो वीस वर्षांचा, पदवीच्या तिसऱ्या वर्षाला मृदाशास्त्र शिकणारा, मक्याची शेती असलेल्या घरातला मुलगा होता. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी आणि एक पदवी पुढे. विद्यापीठाच्या ‘रायटिंग सेंटर’मध्ये तो आठवड्यातून काही तास ‘पीअर ट्यूटर’ म्हणून बसत असे.

या रायटिंग सेंटरची ओळख करून देणे आवश्यक आहे, कारण आपल्या महाविद्यालयांत त्याला समांतर असे काही नाही. एका मोठ्या खोलीत सात-आठ टेबले. प्रत्येकापाशी दोन खुर्च्या, समोरासमोर नव्हे तर शेजारी-शेजारी. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने वेळ ठरवून यावे, सोबत मसुदा आणावा. मसुदा नसला तरी चालेल, नुसता विषय आणला तरी बोलता येते. आपला मसुदा आपणच मोठ्याने वाचायचा. पेन्सिल आपल्या हातात; ट्यूटरने कागदावर काही लिहायचे नाही. गुण द्यायचा अधिकार त्याला नसतो, आणि कामाची जबाबदारीही तो आपल्यावरून उतरवून घेत नाही. या पद्धतीचे सर्वांत कडक रूप जेफ ब्रुक्स यांनी १९९१ साली ‘मिनिमलिस्ट ट्यूटरिंग’ या नावाने मांडले. विद्यार्थ्याच्या शेजारी बसावे, कागद त्याच्या जवळ असावा, स्वतः लेखणी धरू नये, काम त्यालाच करू द्यावे, असा त्याचा सारांश. ही खोली म्हणजे चुका दुरुस्त करून देण्याचे दुकान नव्हे, हे स्टीफन नॉर्थ यांनी त्याआधी, १९८४ साली, आपल्याच सहकारी प्राध्यापकांना जरा चिडून बजावले होते.

मी घेऊन गेलेला मसुदा अरुण कोलटकरांच्या इंग्रजी ‘जेजुरी’वर होता. हा संग्रह १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि १९७७ साली त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला, इथून सुरुवात. मग निवेदकाची दृष्टी श्रद्धावानाची की पर्यटकाची, याविषयीची मतमतांतरे. भालचंद्र नेमाडे यांचा आक्षेप आणि त्याला दिली गेलेली उत्तरे. शेवटी ‘असे म्हणता येईल’ या थाटाचा समन्वय. पुण्याच्या उत्तरपत्रिकेत त्याला चांगले गुण पडले असते. मी मोठ्याने वाचून संपवले. तो क्षणभर थांबला आणि त्याने विचारले, “जेजुरी हे खरे गाव आहे, की कवीने कल्पिलेले?”

दुसरा प्रश्न असा : “यात सारखे ‘वन मे से’ येते. हा ‘वन’ कोण?” आणि तिसरा : “तू तिथे गेली आहेस का?” (इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, मराठीत सांगताना मी त्याला ‘तू’ म्हणायला लावते आहे, कारण त्याच्या आवाजात तेच होते.)

मी गेले होते. खंडोबा आमचे कुलदैवत. लहानपणी सोमवतीला आम्ही सहकुटुंब जात असू. पायऱ्या, दीपमाळा, उधळलेला भंडारा, आणि परत आल्यावर कितीतरी दिवस कपड्यांच्या शिवणीत राहणारा पिवळा रंग. हे मी त्याला सांगू लागले तेव्हा तो ऐकत राहिला आणि मधेच म्हणाला, की हे सगळे तुझ्या निबंधात कुठे आहे? हे ज्या बाईला माहीत आहे तिला ती कविता वाचताना काय होते, ते मला वाचायला आवडेल.

सूचना म्हणून पाहिले तर यात विशेष काही नाही. कोणत्याही चांगल्या प्राध्यापकाने ती केली असती. फरक पडला तो प्रश्नांच्या खरेपणाने. प्राध्यापकाने ‘जेजुरी कुठे आहे?’ असे विचारले तर तो प्रश्न नसतो, ती परीक्षा असते. त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक असते. या मुलाला जेजुरी कुठे आहे हे खरोखरच माहीत नव्हते आणि माहीत नसल्याची त्याला लाजही नव्हती. त्याच्यापुढे हजेरी लावून भागणार नव्हते. त्याला सांगावे लागणार होते. आणि सांगू लागल्यावर लक्षात आले की बसने देवस्थानी पोचणाऱ्या आणि शेवटी रेल्वे स्टेशनावर गाडीची वाट पाहत राहणाऱ्या त्या निवेदकाविषयी मला एक मत होते. ते नेमाड्यांचेही नव्हते आणि त्यांच्या विरोधकांचेही नव्हते. दुसऱ्या मसुद्यात ते आले.

बरोबरीच्या विद्यार्थ्याने लेखनात मदत करण्याची ही कल्पना कुठून आली, तो इतिहास आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. १९७० साली सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने शहरातल्या शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला आपल्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात प्रवेश द्यायचे ठरवले. घरात महाविद्यालयाचे तोंड कोणी पाहिलेले नाही, घरची भाषा पुस्तकाच्या भाषेपासून दूर आहे, अशी मुले हजारोंच्या संख्येने वर्गांत आली. त्यांच्या ‘चुकां’मागची संगती शोधण्याचे मोठे काम मायना शॉनेसी यांनी सिटी कॉलेजात केले, त्यातून १९७७ साली ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक निघाले. त्याच विद्यापीठाच्या ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रफी शिकवत होते. व्यावसायिक शिक्षकांची जादा मदत उपलब्ध असूनही ज्यांना ती हवी तेच विद्यार्थी तिच्याकडे फिरकत नाहीत, हे त्यांच्या पिढीच्या लक्षात आले. ब्रफींनी लावलेला अर्थ असा, की ही मदत वर्गाचीच पुढची पायरी वाटते. ज्या प्रकारच्या शिकवण्यापुढे मुलगा गप्प होतो तेच शिकवणे त्याला आणखी एक तास मिळते. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांनाच ट्यूटर केले. त्यांना आधी एक अभ्यासक्रम पुरा करावा लागे, आणि त्यात ते स्वतः निबंध लिहीत व एकमेकांचे निबंध वाचून त्यांवर लेखी अभिप्राय देत.

१९८४ साली ब्रफींनी या अनुभवामागचा विचार मांडला. मायकेल ओकशॉट यांनी १९५९ साली वापरलेली ‘मानवजातीचे संभाषण’ ही कल्पना त्यांनी उचलली. आपण ज्याला विचार म्हणतो ते आधी दुसऱ्याशी झालेले आणि मग आत घेतलेले बोलणे असते. लेखन म्हणजे तेच आतले बोलणे पुन्हा बाहेर आणणे. तेव्हा ज्याला चांगले लिहायचे आहे त्याला आधी चांगले बोलायला माणूस मिळाला पाहिजे. आपल्या मुलांना वर्गाबाहेर बोलायला माणसे खूप असतात. कवितेबद्दल, इतिहासाबद्दल, स्वतःच्या निबंधाबद्दल बोलायला किती असतात, हे आपण जाणतोच.

यावर कोणी म्हणेल, की मुलांनी मुलांना शिकवणे ही काय अमेरिकेकडून शिकायची गोष्ट आहे? रास्त प्रश्न आहे. अँड्र्यू बेल हा पाद्री १७८९ पासून मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमात शिकवत होता. देशी शाळांतली मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली, ती रीत आपल्या शाळेत आणली, आणि मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याची व्यवस्था बसवली. १७९७ साली लंडनमध्ये त्याने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जोसेफ लँकेस्टरने तशीच पद्धत आपल्या शाळेत वाढवली आणि ती जगभर गेली. धुळाक्षरे गिरवणे हा आपला वाक्प्रचार त्याच जुन्या शाळांचा अवशेष आहे, आणि ‘मॉनिटर’ हा आपल्या प्रत्येक वर्गातला शब्द त्या विलायती पद्धतीचा.

परंतु मॉनिटर आणि माझ्या शेजारी बसलेला तो मुलगा यांत मोठे अंतर आहे. मॉनिटर हा मास्तरांचा हस्तक. मास्तर नसताना त्याने फळ्यावर नावे लिहायची. त्याच्याजवळ जे आहे ते मास्तरांकडून खाली आलेले ज्ञान किंवा अधिकार असतो, आणि तो ते जसेच्या तसे पुढे पोचवतो. पद्धतीचा हेतूच मुळी काटकसरीचा होता : एका शिक्षकात शेकडो मुले. ट्यूटरकडून अपेक्षा नेमकी उलट असते. वरून आलेले काही पोचवण्याऐवजी त्याने खालून, म्हणजे वाचकाच्या जागेवरून, ‘इथे मला कळले नाही’ एवढे प्रामाणिकपणे सांगायचे असते.

अर्थात हे अंतर कागदावर जितके स्वच्छ तितके व्यवहारात नसते. ‘पीअर’ आणि ‘ट्यूटर’ हे दोन शब्द एकत्र येणे हाच अंतर्विरोध नाही का, असा प्रश्न जॉन ट्रिम्बर यांनी १९८७ साली विचारला होता. संस्थेने निवडला, प्रशिक्षण दिले, खुर्ची दिली, म्हणजे तो बरोबरीचा उरला कुठे? त्याची निष्ठा सोबत्याशी की संस्थेशी? प्रत्येक ट्यूटरच्या आत एक मॉनिटर बसलेला असतो आणि तो संधीची वाट पाहत असतो.

मला मात्र त्या केंद्रात उलट बाजूची अडचण आली. तिथला नियम असा, की ट्यूटरने व्याकरणाच्या चुका स्वतः दुरुस्त करायच्या नाहीत. लेखकाने मोठ्याने वाचले की त्याला त्या आपोआप ऐकू येतात. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला येत असतील. मला ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे ऐकू येत नव्हती. मराठीत ती नाहीतच. एखाद्या वाक्यापाशी तो घुटमळे, पुन्हा वाचायला सांगे, मी पुन्हा तेच वाची, आणि दोघेही सौजन्याने एकमेकांकडे पाहत बसू. शेवटी एकदा मी त्याला सरळ विचारले, की इथे ‘द’ का हवा? तो म्हणाला, “तसेच बरोबर वाटते.” त्याहून जास्त त्यालाही सांगता येईना, कारण आईच्या भाषेचे नियम कोणाला शिकावे लागत नाहीत.

मग आम्ही ते दोघांनी मिळून शोधले. माझ्याच वाक्यांतून पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले, की जी वस्तू वाचकाला आधीच ठाऊक आहे असे लिहिणारा धरून चालतो तिथे तो ‘द’ वापरतो. जी आत्ताच पहिल्यांदा समोर आणतो तिथे ‘अ’. त्यावर मी म्हटले, हे आमच्याकडेही आहे, फक्त दुसऱ्या जागी. ‘आम्ही मुलगी शोधतो आहोत’ म्हटले की घरात लग्नाचा मुलगा आहे. ‘आम्ही मुलीला शोधतो आहोत’ म्हटले की शेजारीपाजारी धावत येतील. एका ‘ला’ने कोणतीतरी मुलगी आणि तीच मुलगी यांत फरक पडतो. त्याने हे वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतले. तासभर तो माझ्याकडून शिकत होता, आणि त्याच तासात मी उपपदे शिकले.

त्या व्याकरणाच्या तुकड्याने मला आणखी एक दाखवले. ‘अ’ आणि ‘द’ यांच्यातली निवड म्हणजे वाचकाला काय ठाऊक आहे याचा लिहिणाऱ्याने बांधलेला अंदाज असतो. ज्याने जन्मभर सर्वज्ञ वाचकासाठी लिहिले आहे त्याला ही निवड अवघड जाणारच; त्याच्या जगात सगळेच ‘द’ असते.

मदत म्हणजे न सांगणे, हे तत्त्व सर्वांना सारखे लागू होत नाही, असे त्या क्षेत्रातल्या लोकांनीही म्हटलेले आहे. म्यूरिएल हॅरिस आणि टोनी सिल्वा यांनी १९९३ साली लिहिले, की इंग्रजी ज्यांची दुसरी भाषा आहे अशा विद्यार्थ्यांना काही गोष्टी ट्यूटरने सरळ सांगाव्यात. त्या त्यांना स्वतःच्या आतून शोधून सापडणार नाहीत. लिसा डेल्पिट यांनी १९८८ साली याहून कडवी गोष्ट कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणाविषयी मांडली होती. सत्ता ज्यांच्या हाती असते त्यांच्या वागण्या-बोलण्या-लिहिण्याचे नियम असतात. ते उघड न सांगणे हे वरून उदार दिसते, पण त्याचा फायदा ज्यांना घरातच ते नियम मिळालेले आहेत त्यांनाच होतो.

हा मुद्दा परत आल्यावर मला फार उपयोगी पडला. गेली काही वर्षे मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवते. तिथे वाचनालयाच्या एका कोपऱ्यात मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही एक टेबल मांडतो. बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाचे दोघे-तिघे तिथे बसतात. ज्याला लिहिलेले दाखवायचे असेल त्याने यावे. ‘पीअर’ला मराठी शब्द शोधण्यापासून तयारी होती. ‘समवयस्क’ वयाचा झाला, ‘सहाध्यायी’ पुस्तकातला, ‘बरोबरीचा’ भांडणातला. मुलांनी तो प्रश्न स्वतःच सोडवला : पहिल्या वर्षाची मुले टेबलावरच्यांना ‘ताई’ आणि ‘दादा’ म्हणू लागली. त्यात जवळीक आहे आणि उतरंडही आहे. अमेरिकन मुलाशी मी वाद घालू शकत होते. ताईशी वाद घालायला आपल्याकडे थोडा वेळ लागतो. पण ताईपाशी ‘मला हे येत नाही’ म्हणता येते, आणि सरांपाशी म्हणता येत नाही, हेही खरे.

एका वर्षी हंगामी स्थलांतरावर निबंध लिहायला दिला होता. पहिल्या वर्षाच्या एका मुलाचा मसुदा सर्वस्वी गाइडच्या भाषेत होता : ऊसतोड कामगारांच्या समस्या, त्यांची कारणे, शासनाने लक्ष देणे गरजेचे आहे. मधेच एक वाक्य मात्र वेगळे होते, वडिलांनी एका कोयत्याची उचल घेतल्याचे. टेबलावर बसलेली मुलगी गावातल्या कापड दुकानदाराची. तिने विचारले, “कोयता म्हणजे हत्यार ना? मग एका कोयत्याची उचल म्हणजे काय?”

मी तो मसुदा वाचला असता तर हा प्रश्न विचारला नसता. इतकी वर्षे इथे राहून मला कोयता म्हणजे काय ते माहीत आहे. आणि मला माहीत आहे हे त्या मुलाला माहीत आहे. तिला माहीत नव्हते, म्हणून त्याला सांगावे लागले. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. तो आठवीत असताना उचल घेऊन झाल्यावर आई आजारी पडली. पैसे एका कोयत्याचे घेतलेले आणि माणूस अर्धाच उरलेला. राहिलेला अर्धा भरून काढायला तो त्या हंगामात वडिलांबरोबर फडात उभा राहिला. पुढच्या मसुद्यात ‘शासनाने लक्ष देणे गरजेचे आहे’ हे वाक्य होतेच. पण त्याच्याआधी दीड पान असे होते, की ते वाक्य आता कोणीतरी म्हणत आहे असे वाटत होते.

त्याच टेबलावर नंतर मतभेद झाला. ‘उचल’ हा शब्द बोलीतला वाटतो, त्याऐवजी ‘अग्रिम रक्कम’ लिहावे, असे तिचे म्हणणे. त्याने ते मानले नाही. अग्रिम रक्कम नोकरदाराला मिळते, तो म्हणाला. उचल अंगावर असते, ती फेडेपर्यंत माणूस मुकादमाचा असतो. ताईला हे पटले आणि शब्द राहिला. मात्र शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहायचा, ‘आणि’ व ‘नि’ हे अपवाद, हा नियम तिने त्याला सरळ सांगितला, त्यानेही तो सरळ घेतला आणि पुन्हा त्याची गरज पडली नाही.

शुद्धलेखनाच्या नावाखाली कोणाच्या घरची भाषा खोडली जाते आणि कोणाची नियम ठरते, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि तो खोटा नाही. दलित आणि ग्रामीण साहित्याने तो अंगावर घेऊन लढवला. पण म्हणून ज्या मुलाला अर्ज लिहायचे आहेत, स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत, त्याला दीर्घ ईकाराचा नियम न सांगणे हा त्याच्या भाषेचा आदर ठरत नाही. नियम सांगावा, शब्द काढून घेऊ नये. हे वेगळे करणे शिक्षकाला जमते त्याहून त्या दोन मुलांना लवकर जमले, कारण दोघांपैकी कोणाच्याच हाती दुसऱ्याचे गुण नव्हते.

दुसऱ्याची मदत घेऊन लिहिलेला निबंध विद्यार्थ्याचा स्वतःचा कसा, ही सहकाऱ्यांची शंका मी अनेकदा ऐकली आहे. तिला ब्रफींचे उत्तर पुरेसे आहे : बोलण्यातून आलेला विचार कमी स्वतःचा नसतो. आपल्या वाङ्मयाचा इतिहासही तेच सांगतो. साठच्या दशकातली अनियतकालिके ही एकमेकांचे लिहिलेले वाचणाऱ्या बरोबरीच्या तरुणांची टेबलेच होती, आणि ‘अस्मितादर्श’च्या लेखक-वाचक मेळाव्यांनी कित्येक नवोदितांना पहिला खरा वाचक मिळवून दिला.

२०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून शंका उलट दिशेने येते : आता यंत्र असताना या टेबलाची गरज काय? उपपदे यंत्र क्षणात बसवते, आणि ज्याला कोणी सांगणारा नव्हता त्याला ती सोय मिळाली याचे मला वाईट वाटत नाही. सांगितले तर ते प्रश्नही विचारते. पण आपण होऊन ते क्वचितच अडते. अर्धवट वाक्य दिले तर उरलेले अंदाजाने पुरे करून देते. ‘एका कोयत्याची उचल’ हे शब्द त्याच्या हाती दिले असते तर त्याने बहुधा एक नीटनेटका परिच्छेद परत केला असता, आणि तो अर्धा कोयता कोण होता हे कोणालाच कळले नसते. कापड दुकानदाराच्या मुलीचे गावातच राहून न कळणे, आणि तिला ते कळावे असे त्या मुलाला वाटणे, यातून ते दीड पान निघाले.

आता चार वर्षांच्या पदवीत संशोधन-प्रकल्प आला आहे आणि विद्यार्थ्यांना पूर्वीपेक्षा जास्त लिहायचे आहे. मार्गदर्शन वाढवा, कार्यशाळा घ्या, अशा सूचना येत असतात आणि त्या चांगल्याच आहेत. पण त्या सगळ्यांत शिकवणारे आम्हीच असतो. विद्यार्थी जे लिहितो ते मी कितीही आस्थेने वाचले, तरी माझ्या वाचण्याच्या शेवटी गुणपत्रकातला एक आकडा असतो, आणि तो आकडा त्याच्या पहिल्या वाक्यापासून त्याला दिसत असतो. ती माझी नोकरी आहे. ती मी सोडू शकत नाही. मला एवढेच करता येते, की माझ्याकडे येण्यापूर्वी त्याचे लिहिलेले अशा कोणाच्या तरी हातून जाईल ज्याला उत्तर ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची इच्छा आहे. त्यासाठी एक टेबल लागते, दोन खुर्च्या लागतात, आणि त्या शेजारी-शेजारी मांडाव्या लागतात.